पांडवांनी एका रात्रीत...

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लांज्याला यावं आणि माझ्या दीड एकरातली कामं बघून जावं. पण परवा पुण्याहून ताईचा फोन आला. "जिवंत आहेस ना? मग लिही काहीतरी." ताईचा हुकूम मोडायची सवय साठीला आलो तरी लागलेली नाही, म्हणून आज बसलोय.

विषय तसा गेल्या जानेवारीतला. भाचा कंबोडियाला जाऊन आला होता. तिथली जुनी देवळं, दगडातले हसरे चेहरे, झाडांच्या मुळांनी गिळलेल्या भिंती, असे शंभरेक फोटो त्याने मला पाठवले. ते मी मास्तरला दाखवले. मास्तर म्हणजे माझा शाळासोबती. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात. पुढे तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला आणि मी बँकेत चिकटलो. मास्तरने चष्मा कपाळावर चढवून एकूण एक फोटो बघितला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "कंबोडियाला माझी पेन्शन पुरायची नाय. पन्हाळेकाजीला येतोस?"

"पन्हाळ्याला?"

"पन्हाळा नव्हे रे. पन्हाळेकाजी. दापोली तालुका. आपलाच जिल्हा."

आता इथे एक कबुली देऊन टाकतो. अजिंठा-वेरूळ मी दोनदा पाहिलंय. सांची पाहिलंय. काशीला गेलो तेव्हा सारनाथही झालं. पण माझ्याच रत्नागिरी जिल्ह्यात नदीच्या काठी २९ लेणी आहेत, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षापर्यंत नुसतं ऐकून माहीत होतं. आमच्याकडे पाहुणे आले की गणपतीपुळे, पावस, मार्लेश्वर, फार तर मुचकुंदीच्या उगमाकडे माचाळ. यादी संपली.

तर पहाटे चारला निघालो. मी, ही, मास्तर, वहिनी आणि त्यांची आठवीतली नात. नातीकडे वही, पेन्सिल आणि आजोबांनी सोपवलेलं काम: प्रत्येक लेण्यात काय दिसलं ते लिहायचं. हिने घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी घेतली होती. वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि वांग्याची सुकी भाजी. हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण... चौपदरीकरणाच्या नावाखाली या रस्त्याने आम्हा कोकणवाल्यांना गेली कित्येक वर्षं काय काय दाखवलं ते इथे उगाळत नाही, त्यावर वेगळं लिहीन. चिपळुणात चहा झाला. परशुराम घाट, मग भोस्ते घाट, खेडहून दापोलीच्या रस्त्याला लागलो आणि वाकवलीला आत वळलो. तिथून पुढे रस्ता अरुंद आणि रान दाट. काजूला मोहोर आला होता. गाडीच्या काचा खाली केल्या आणि दोन्ही बायका पहिल्यांदाच गप्प झाल्या.

पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. कोटजाई नदीचं पात्र आणि तिच्याकडे तोंड करून कातळात ओळीने कोरलेली लेणी. अजिंठ्यासारखं छाती दडपून टाकणारं काही नाही. काही लेणी तर एवढी लहान, की आमच्या गोठ्याची आठवण झाली. एक-दोन पायऱ्या, दोन खांब, आत एक खोली. ओळीत २८ आणि जरा पलीकडे बागवाडीत एकोणतिसावं, त्याला गौर लेणं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा दुसरं कुणीही नव्हतं. तिकिटाची रांग नाही, मक्याचं कणीस नाही, "साहब, गाइड?" नाही.

थोडी माहिती देतो. (कंटाळा आला तर खुशाल पुढच्या परिच्छेदावर जा, पण जाऊ नका अशी विनंती :-) ) इथली सुरुवातीची लेणी साधारण तिसऱ्या शतकातली, हीनयान बौद्धांची. त्यात मूर्ती नाही. स्तूप आणि भिक्षूंना राहायच्या खोल्या, बस. मग दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराला वज्रयान पंथाचे बौद्ध इथे होते. त्यांनी अक्षोभ्य बुद्धाच्या मूर्ती कोरल्या, आणि महाचंडरोषण नावाच्या देवतेचीही. हा हातात तलवार घेतलेला. शांत डोळे मिटलेला बुद्ध एवढंच ज्याला माहीत आहे त्याने हा जरूर बघावा. मग शिलाहारांच्या काळात शैव आले, गाणपत्य आले आणि शेवटी नाथपंथी. चौदाव्या लेण्यात नाथ आहेत, गौर लेण्यात तर चौऱ्याऐंशी सिद्ध कोरलेत. म्हणजे एकाच कातळावर हजार वर्षं छिन्नी चालू होती. आमच्या गावातलं एकही घर शंभर वर्षांपलीकडचं नाही.

हे सगळं पुढे आलं ते एका ताम्रपटामुळे. शके १०६१ चा, म्हणजे इ.स. ११३९ चा. शिलाहार राजा अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य याचा. त्यात या गावाचं नाव आहे प्रणालक. १९७०च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी या जागेचा अभ्यास केला, गाळमातीत बुजलेली लेणी मोकळी झाली, आणि १९८६ साली त्यांचं पन्हाळेकाजीवरचं पुस्तक खात्याने प्रसिद्ध केलं.

लेणी बघता बघता मला उमाळा आला. नाथांपाशी उभा राहून मी म्हणालो, "बघ मास्तर, बुद्ध, महादेव, गणपती, गोरखनाथ... सगळे कसे एकत्र नांदले इथे! आणि आपण आज..."

मास्तर काही बोलला नाही. पुढच्या लेण्याच्या पायरीवर बसला, चप्पल झटकली आणि मग म्हणाला, "एकत्र नांदले की एकामागून एक आले? आधीचं बिऱ्हाड उठल्यावर नवं येतं, त्याला काय एकत्र नांदणं म्हणतात?"

"मग काय भांडून आले म्हणतोस?"

"तसंही मी म्हणत नाय. दगडात भांडण कोरलेलं नाय आणि गळाभेटही कोरलेली नाय. तुला जे बरं वाटतं ते दगडाच्या तोंडी घालू नको, एवढंच."

चाळीस वर्षं मुलांच्या पाटीवरच्या चुका दुरुस्त केलेला माणूस. एका वाक्यात माझं निबंधातलं शेवटचं वाक्य खोडून मोकळा झाला.

नंतर आम्ही एकोणिसाव्या लेण्यात गेलो. तिथे मान वर करून बघायचं असतं, कारण छतावर कोरीव काम आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग. नात छताकडे बघत वहीत काहीतरी उतरवत होती. तिने विचारलं, "आजोबा, ही पांडवांनी कोरली का? आमच्या बाई म्हणतात जुनी लेणी पांडवांनी कोरली."

मास्तर माझ्याकडे बघून हसला. मला मात्र हसता आलं नाही.

आता १९७७ सालात जावं लागेल. आम्ही आठवीत. शाळेची सहल यष्टीने रायगडला. महाडच्या अलीकडे-पलीकडे केव्हातरी गुरुजींनी खिडकीतून बोट दाखवलं. डोंगरात काळी भोकं दिसत होती. "ती बघा पांडवलेणी. अज्ञातवासात असताना पांडवांनी एका रात्रीत कोरली. पहाटे कोंबडा आरवला म्हणून काम अर्धं राहिलं." आम्ही सगळ्यांनी तोंडं वासून बघितलं. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक हात वर झाला. "गुरुजी, माझे बाबा म्हणतात ती बुद्धाची आहेत."

गुरुजी म्हणाले, "बस खाली. तुझ्या बाबांना जास्त कळतं की मला?"

आणि अख्खी गाडी हसली. मीही हसलो.

ती गांधारपाले लेणी. मुंबईला जाताना-येताना तुम्हीही हायवेवरून शंभरदा बघितली असतील. ती बौद्ध लेणीच आहेत. साधारण दुसऱ्या शतकातली, ब्राह्मी लिपीतले लेख असलेली. म्हणजे मास्तरच्या बाबांना खरंच गुरुजींपेक्षा जास्त कळत होतं. ते मुंबईला गिरणीत होते. १९५६ च्या ७ डिसेंबरला दादरला बाबासाहेबांना शेवटचा निरोप देताना भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथल्या जनसमुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली, त्या गर्दीत ते होते. गावी परत आले ते बुद्धाची एक तसबीर घेऊन. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण आपण कोण, आणि डोंगरातली ती भोकं कुणाची, हे त्यांनी स्वतः विचारून, वाचून घेतलं होतं. गुरुजींना त्याची गरजच पडली नव्हती.

गंमत बघा. आमची गाडी ज्या वर्षांत खिदळत रायगडला चालली होती, साधारण त्याच वर्षांत इकडे पन्हाळेकाजीचा अभ्यास चालू होता. आमच्या जिल्ह्याचा इतिहास त्या दशकात उजेडात येत होता आणि आम्ही कोंबडा आरवल्याची गोष्ट ऐकत होतो.

तर सांगायचा मुद्दा हा.

पांडवांची गोष्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती गोड आहे. महाराष्ट्रात जिथे जिथे लेणी आहेत तिथे बहुतेक ती आहेच, नाशिकच्या लेण्यांचं तर नावच पांडवलेणी पडलंय. कदाचित या गोष्टीमुळेच गावाने त्या जागेला भ्यावं, मान द्यावा, दगड फोडून न्यायला धजू नये, असंही झालं असेल. गावातल्या म्हाताऱ्यांनी ती सांगितली तर मी आजही मन लावून ऐकेन. पण शाळेत, फळ्यासमोर उभं राहून ती सांगितली की तिचा एक वेगळाच उपयोग होतो. ती प्रश्न बंद करते. पांडवांनी कोरली म्हटलं की कुणी कोरली, पैसे कुणी दिले, किती वर्षं लागली, कशासाठी, आणि मग ती माणसं कुठे गेली, हे काहीच विचारायला नको. एका रात्रीत झालं म्हटलं की दगड फोडणाऱ्याचे हात दिसेनासे होतात. आणि वर्गात मागे बसलेला एक मुलगा, ज्याच्या घरी वेगळी गोष्ट सांगतात, तो खाली बसतो.

महाभारत पन्हाळेकाजीला आहे, नाही असं नाही. एकोणिसाव्या लेण्याच्या छतावर आहे. पण कोरणारे म्हणून नव्हे, कोरलेले म्हणून. नातीला मास्तरने हेच सांगितलं आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

मग कुणी कोरली? पन्हाळेकाजीपेक्षा याचं उत्तर आमच्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात कुड्याच्या लेण्यांत चांगलं मिळतं. तिथे २६ लेणी आहेत, राजपुरीच्या खाडीकडे बघणारी. आणि तिथे दान देणाऱ्यांनी आपली नावं कोरून ठेवलीत. मास्तरच्या वहीत ती सगळी उतरवलेली होती, जेवताना त्याने वाचून दाखवली. एक आहे लोखंडाचा व्यापारी, महिक नावाचा, करहाकडचा, म्हणजे आपल्या कऱ्हाडचा. एक वैद्य, सोमदेव. माळ्यांची नावं आहेत, फुलं विकणाऱ्यांची. पदुमनिका नावाची भिक्षुणी आहे. आणि एक आहे भायिला. तिच्या नावापुढे स्पष्ट लिहिलंय की ती ब्राह्मणी, अयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची बायको. तिने चैत्यगृह दान दिलं.

ही ऐकत होती. ती म्हणाली, "बायकोने स्वतःच्या नावावर?"

"स्वतःच्या नावावर, वहिनी," मास्तर म्हणाला. "नवऱ्याचं नाव ओळख म्हणून, दान तिचं."

आमच्या घरची लाइट बिलं, घरपट्टी, सातबारा सगळं कुणाच्या नावावर आहे यावर मग बराच वेळ चर्चा झाली. ती इथे देत नाही.

एवढं मात्र खरं, की ज्या लेण्यांना आपण देवादिकांचं, निदान राजेरजवाड्यांचं काम समजतो, त्यात लोखंड विकणारा आणि हार करणारा माळी निघतो. राजे नाहीत असं नाही. पण नाव कोरायचा मान माळ्यालाही होता. आपल्याकडच्या जीर्णोद्धाराच्या फरशीवरची नावं आठवून बघा. देणगीदारांत कोण असतं, आणि कोणत्या वाडीची वर्गणी आपण घेतो पण नाव मात्र फरशीवर येत नाही. मी आमच्या गावच्या कमिटीत नऊ वर्षं होतो. मला माहीत आहे.

जेवायला आम्ही नदीकाठी सावलीला बसलो होतो. जानेवारीतलं पाणी, तळाचे गोटे दिसत होते. नातीने विचारलं की प्रणालक म्हणजे काय. मास्तर म्हणाला, प्रणाल म्हणजे पाणी वाहून नेणारी नाळ. आपली पन्हळ. पोफळीचं खोड पोखरून विहिरीचं पाणी बागेत नेतात ना, ती. छपराला पावसाच्या पाण्यासाठी लावतात ती.

मला आमच्या पडवीची पन्हळ आठवली.

लहानपणी मास्तर आमच्याकडे यायचा तो पडवीच्या खालपर्यंत. तहान लागली तर आजी तांब्या घेऊन यायची आणि वरून धार सोडायची. तो ओंजळ लावायचा. तांब्या त्याच्या हातात कधी दिला नाही. हे बघून मला वाईट वाटायचं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला काहीच वाटायचं नाही. पाऊस पडतो, ऊन पडतं, तशी आजी वरून पाणी ओतायची. पावसाळ्यात मात्र आम्ही दोघं पन्हळीखाली तोंड उघडून उभे राहायचो आणि पत्र्यावरचं गढूळ पाणी प्यायचो. त्याला आजी दोघांनाही सारखीच ओरडायची.

मास्तरच्या वहीत एक शब्द होता, पोढी. कान्हेरीच्या, कुड्याच्या लेखांत तो येतो. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं, कातळात खोदलेलं. अमक्याने लेणं आणि पोढी दान दिली, असं लिहिलेलं असतं. लेणं हा शब्दही तिथे आहे, 'लेण' असा. त्या वेळची प्राकृत ती, आपल्या मराठीची आजी-पणजी. दोन हजार वर्षांत आपण तो शब्द जपला. पोढी मात्र विसरलो.

माणसं तेव्हा पाणी दान द्यायची आणि खाली आपलं नाव लिहायची. व्यापारी घाटावरून बंदराकडे जायचे, भिक्षू पावसाळ्यात मुक्काम करायचे, त्यांच्यासाठी. आणि त्याच गांधारपाले लेण्यांपासून तीनेक किलोमीटरवर महाडचं चवदार तळं आहे. तिथे ओंजळभर पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव आधीच केलेला असूनसुद्धा. नंतर कोर्टकज्जे झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडलं. एका ओंजळीला दहा वर्षं. आणि आमच्या पडवीत तो निकाल त्यानंतर पस्तीस वर्षांनीही पोचला नव्हता.

मी मास्तरला विचारलं, "तुला ते यष्टीतलं आठवतं? महाडचं?"

"आठवतं ना. तू पुढच्या सीटवर होतास. मोठ्याने हसला होतास."

त्याला माहीत होतं हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की त्या हसण्यात माझं हसणं मिसळून गेलं.

"मग कधी बोलला नाहीस?"

"काय बोलणार? तेरा वर्षांची पोरं आपण. आणि गणिताची वही मला तुझीच लागायची." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "मला ही लेणी परत नको आहेत रे. कोण देणार आणि कोण घेणार? माझ्या पोरांना शाळेत कुणी 'बस खाली' म्हणू नये, एवढंच पुरे."

यावर मी काही बोललो नाही. माफी मागितली असं लिहिलं तर छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. मी त्याच्या पानात चटणी वाढली. आम्ही असेच आहोत.

आता थोडं मत मांडतो, कारण ताईचं म्हणणं असतं की मी नुसतं वर्णन करतो आणि मुद्द्यावर येत नाही.

एक. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांनी सहल काढायची तर वॉटर पार्कच्या आधी एकदा पन्हाळेकाजीला काढावी. दापोली-खेड-चिपळूणवाल्यांना तर ते अंगणात आहे. आम्हा लांजा-राजापूरकरांना पहाटे उठावं लागेल, पण मुलं उठतात. जाताना गुरुजी-बाईंनी आधी वाचून जावं. पांडवांची गोष्ट सांगायचीच असेल तर सांगावी, पण "लोक असं म्हणतात" असं म्हणून. आणि मागून हात वर झाला तर त्या मुलाला पुढे बोलवावं.

दोन. लेण्यात गेल्यावर लगेच "हे आमचं" म्हणू नये. मी केलं तसं "सगळ्यांचं, सगळं गोडीगुलाबीचं" असंही लगेच म्हणू नये. दोन्हीत घाई आहे. हजार वर्षांचं काम आहे, तासभर तरी बघावं. आधी काय आहे ते बघावं. स्तूप असेल तर स्तूप, नाथ असेल तर नाथ. बुद्धाच्या मूर्तीला शेंदूर फासू नये, तसंच कुणाच्या श्रद्धेने ठेवलेलं फूल लाथाडूही नये.

तीन. ही जागा कुणाची होती याचा अभिमान ज्यांना बाळगायचाय त्यांना बाळगू द्यावा. आमच्या तालुक्यातल्या गावागावात बौद्धवाडी आहे. त्या वाडीतल्या मुलाला "आपली माणसं दोन हजार वर्षांपूर्वी कोकणात दगडात घरं कोरत होती" असं वाटलं, तर इतिहासाचा विद्यार्थी म्हणेल की तेव्हाचे बौद्ध आणि आजचे बौद्ध यांचं नातं एवढं सरळ नाही. बरोबर आहे. पण मग पांडवांचं आणि माझं नातं तरी कुठे सरळ आहे? मला ते लहानपणी फुकट मिळालं होतं, कुणी पुरावा मागितला नव्हता. त्याला मात्र आपण लगेच पुरावा मागतो.

चार. हे फक्त माझ्यापुरतं. लेणी बघायला गेलात की आधी पाणी कुठे आहे ते बघा. टाकं असेल तर टाकं, नाहीतर नदी. माणसं तिथे का राहिली ते कळतं, आणि मग मूर्ती जास्त चांगली दिसते.

असो. परतीला उशीर झाला. नात मागे झोपली, वही मांडीवर उघडीच. हिने ती हळूच काढून घेतली आणि मोबाइलच्या उजेडात वाचत बसली. एकोणतीस आकडे, प्रत्येकापुढे एकेक ओळ. काहींपुढे नुसतं 'रिकामं'. एकोणिसाव्यापुढे लिहिलं होतं: 'छतावर महाभारत. पांडवांनी कोरलेलं नाही. बाईंना सांगायचं.'

सांगितलं की नाही ते अजून विचारलेलं नाही. बाई चांगल्या असाव्यात अशी आशा आहे.

लांज्याला पोचायला रात्रीचे साडेदहा झाले. मास्तरला वाडीपर्यंत सोडलं, तर वहिनींनी चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तसबीर अजून तिथेच आहे, समोरच्या भिंतीवर, बाबांनी लावली तिथे. पावसाळ्यानंतर कुड्याला जायचं ठरलंय, भायिलाचं लेणं बघायला. हिने तर आत्ताच तयारी सुरू केली आहे. गाडीत जागा नाही, पण ताई, तू येणार असशील तर नातीला मधे बसवू. कळव.